पाटी ज्याच्या दारी, जिना त्याचा

दि. ३ एप्रिल २०१६, रविवार. श्टुटगार्ट, जर्मनी.
हजर: १) मी. २) निर्मलाआक्का, माझ्या थोरल्या नणंदबाई, राहणार मुदखेड. ३) प्रज्ञा, आमची मुलगी, दोन वर्षांपासून इथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर.
गैरहजर: प्रज्ञाचे बाबा. कारण: पाणी.

लातूरबाहेरच्या वाचकांना हे कारण कळणार नाही, म्हणून खुलासा करते. तिकिटं आम्हा नवरा-बायकोची काढायची ठरली होती. पण त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतले नळ कोरडे पडले होते, आणि टँकर कोणत्या दिवशी किती वाजता येईल हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसे. पाच आठवडे घराला कुलूप लावणं शक्यच नव्हतं.

"मी टाकीपाशी थांबतो," प्रज्ञाचे बाबा म्हणाले. "तू आक्काला घेऊन जा. तिचा पासपोर्ट नाहीतरी कपाटात पडून आहे."

आक्कांनी होकार द्यायला पाव मिनिट घेतलं. त्यांचे यजमान मुदखेड जंक्शनवर नोकरीला होते, त्यामुळे त्यांचं आयुष्य रेल्वेच्या क्वार्टरात गेलं. पहाटे पाचला उठायचं, आणि शेजारीपाजारी कुणाचं काम अडलेलं दिसलं की न विचारता हात घालायचा, या त्यांच्या दोन सवयी. त्यातल्या दुसरीमुळे हे प्रवासवर्णन लिहिण्याजोगं झालं.

माझी नोकरी लातूरला सरकारी कचेरीत, आस्थापना शाखेत. दुसऱ्यांच्या रजा आणि हजेऱ्या लिहिण्यात उमेदीची वर्षं गेली, तेव्हा स्वतःच्या प्रवासाचीही वही घातली. पुढचं सगळं त्या वहीवरून उतरवते आहे. विमान, विमानातलं जेवण आणि तपासणीत काढून द्यावी लागलेली लोणच्याची बरणी वगळते.

४ एप्रिल, सोमवार

संध्याकाळी प्रज्ञाने आम्हाला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून गावचे नियम सांगितले. मी लिहून घेतले, आक्कांनी हरकती घेतल्या.

"रविवारी आवाज करायचा नाही. कपड्यांचं मशीन नाही, काही कुटायचं नाही. काचेच्या बाटल्यासुद्धा त्या दिवशी कोंडाळ्यात टाकायच्या नाहीत, वाजतात."

"मंग रविवारी करतेत काय ही मानसं?"

"शांत बसतात, आत्या."

"आन् सोमवारी?"

"कामाला जातात."

"म्हंजी बोलतेत कवा?"

कचऱ्याचे डबे चार. चहाच्या एका पुडीचा चोथा एका डब्यात, कागदी चिठ्ठी दुसऱ्यात, वरचं वेष्टण तिसऱ्यात. आक्का म्हणाल्या, "आमच्याकडं सगळं एका टोपल्यात टाकतो. म्हैस निवडून घेती."

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा कामावरून आली तर घरातली सगळी भांडी भरलेली. पातेली, कुकर, दोन फुलदाण्या, आणि आंघोळीचा टब काठोकाठ.

"आत्या! इथं नळ जात नाही!"

"आज न्हाई गेला. उद्याचं कोन सांगून राहिलंय?"

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. कुकर मी भरला होता, त्यामुळे मी वहीत डोकं घातलं.

११ एप्रिल, सोमवार

पहिल्या आठवड्यात अंगी लागलेल्या सवयींची नोंद करते.

एक, सिग्नल. रस्ता नजर पोचेल तिथपर्यंत मोकळा, आणि पायी चालणाऱ्यांचा दिवा लाल. काठावर आम्ही दोघी, एक गृहस्थ आणि त्यांचा कुत्रा उभे.

"वैनी, काय येऊन राहिलंय का?"

"काही नाही."

"मंग कुनासाठी थांबलो आपन?"

"कुत्रा थांबलाय, आक्का. त्याच्यादेखत कसं जायचं?"

लातूरला गांधी चौकात हिरवा दिवा असला तरी मी दोन्हीकडे बघून, मनातल्या मनात हिशेब करून मग पाऊल टाकते. इथं पाचव्या दिवशी आक्कांनीच माझा पदर धरून मला मागे ओढलं.

दोन, खिडक्या. बाहेर कितीही गारठा असो, सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या सताड उघडून घर वाऱ्यावर टाकायचं. आम्ही दोघी तेवढा वेळ रजई पांघरून सोफ्यावर बसत असू.

तीन, नमस्कार. जिन्यात, पावाच्या दुकानात, दवाखान्यात, कुठंही शिरताना ओळख असो नसो, 'ग्र्यूस गॉट' म्हणायचं. अर्थ विचारला तर प्रज्ञा म्हणाली, देवाला नमस्कार, अशासारखं काहीतरी.

"मी कशाला देवाला मधी घालू?" आक्का म्हणाल्या. "मी आपला जयभीम घालते."

आणि त्यांनी खरोखरच पावाच्या दुकानात शिरताना खणखणीत जयभीम घातला. दुकानातल्या पाचही जणांनी मान लववून 'ग्र्यूस गॉट' म्हटलं. नंतर नंतर दुकानदारीणबाई आक्का दिसल्या की आधीच हसायला लागायच्या.

चार, पाटी. ही सवय मोठी, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रज्ञाची इमारत तीन मजली, मजल्यावर समोरासमोर दोन घरं. झाडायला बाई नाही, गडी नाही. दाराशेजारी खुंटी असते आणि तिच्यावर एक लाकडी पाटी येते. ज्याच्या दारी पाटी, त्याने तो आठवडा आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना झाडायचा, पुसायचा आणि कठडा झटकायचा. मग पाटी समोरच्या दारी जाते. डॉक्टर असो, मोटारीचा इंजिनियर असो, सुटका कुणालाच नाही.

आम्ही पोचलो तेव्हा पाटी प्रज्ञाच्या दारी होती. आक्कांनी जिना तीनदा पुसला. चौथ्यांदा बादली उचलली तेव्हा मी थांबवलं.

"वैनी, बादलीभर पानी जिन्याला!" त्या ओल्या पायऱ्यांकडे बघत म्हणाल्या. "लातुरात असा पुसला तर गल्लीतली मानसं आपल्याला पोलिसात देतील."

पाटी समोर गेली. समोर राहतात बाउमानबाई. वय चौऱ्याऐंशी, एकट्या, प्रज्ञाच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून याच घरात. पाटी घेण्यापूर्वी त्यांनी तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात बोट फिरवलं, चष्मा वर करून बोटाकडे पाहिलं आणि एकदाच मान हलवली. आमच्या कचेरीत लेखापरीक्षणाला येणारे साहेब इतके नेटके असते तर माझी दोन वर्षं वाचली असती.

१२ एप्रिल, मंगळवार

रात्रीच्या जेवणाआधी प्रज्ञाच्या बाबांचा फोन आला. आवाज लग्नघरातला.

"रेल्वेनं पाणी आलं! अख्खी गाडी! सगळं लातूर बघायला गेलंय."

आक्का फोनवर वाकल्या. "दादा, मी मुदखेडात जलमभर मालगाड्या पाह्यल्या. कोळसा पाह्यला, गुरं पाह्यली. पानी न्हाई पाह्यलं कवा."

मी नळाखाली पालक धूत होते. तो बंद केला आणि उरलेली पानं वाटीत पाणी घेऊन धुतली.

१४ एप्रिल, गुरुवार

जयंती. प्रज्ञाने अर्धा दिवस सुटी घेतली. बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, वंदना घेतली, खीर केली. शेजारणीला द्यायची म्हणून वाडगा घेऊन आम्ही दार उघडलं, तर बाउमानबाई जिन्यात होत्या. चौथ्या पायरीवर गुडघे टेकून, छोट्या ब्रशने कोपरे झाडत होत्या. एक पायरी झाली की कठडा धरून दम खात होत्या.

आक्कांनी वाडगा माझ्या हातात कोंबून ब्रशकडे हात नेला. बाईंनी ब्रश छातीशी घेतला. मग उठल्या, आभार मानून खीर घेतली आणि आम्ही आत जाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वाडगा दाराच्या मुठीला पिशवीत लटकलेला. चकचकीत घासलेला, आणि रिकामा.

"रिकामं भांडं परत करती व्हय कुनी? दोन साखरेचे दानं तरी टाकावं."

"इथं घासून देणं हाच मान आहे, आत्या."

आक्कांना ते पटलं नाही, पण त्यांच्या डोक्यात वाडगा राहिला नाही. म्हातारीचे गुडघे राहिले.

१६ एप्रिल, शनिवार

पहाटे आक्कांनी मला हलवलं. "वैनी, उठा. म्हातारीचा जिना झाडून टाकू. घडीभराचं काम हाय. आपन दोघी धडधाकट बसून राहिलो, आन् ती रांगून राहिली."

प्रज्ञाला विचारायला हवं होतं. पण ती झोपली होती, आणि माझ्या यादीत 'शेजारणीला मदत करू नये' असं कलम कुठंही नव्हतं. मी यादीवर विसंबले. अनवाणी, आवाज न करता आम्ही जिना झाडला, पुसला, कठडा चमकवला. काम संपल्यावर आक्कांनी बाईंच्या खुंटीवरची पाटी काढून आमच्या खुंटीला लावली. झाडलं आपण, तर पाटीही आपल्याकडे. हिशेब मलाही बरोबर वाटला.

नऊ वाजता बाउमानबाई बादली घेऊन बाहेर आल्या. स्वच्छ जिना पाहिला. आपली रिकामी खुंटी पाहिली. बादली खाली ठेवून त्यांनी आमचं दार वाजवलं. प्रज्ञा डोळे चोळत गेली. बाई हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या, आणि प्रज्ञाचे कान लाल होत चालले होते.

"काय म्हनून राहिली गं?"

"थांब, आत्या." प्रज्ञा आमच्याकडे वळली. "त्या विचारतायत, त्यांच्या कामात कधी, काय कमी पडलं?"

आमच्याकडे कुणी आपलं अंगण झाडून दिलं तर आपण म्हणतो, बाई, केवढा जीव लावतेस. इथं त्याचा अर्थ होतो, तुझं काम आम्हाला पसंत नाही. आणि हा शेरा आम्ही सहा बिऱ्हाडांनी येता-जाता वाचावा असा जिनाभर लिहून ठेवला होता.

एवढ्यावर भागलं नाही. दर शनिवारी बाईंचा मुलगा डीटर किराणा घेऊन येतो. साठीचा, सज्जन माणूस. त्याने आईकडून सगळं ऐकलं, बाहेर येऊन आमचे हात हातात घेतले आणि मनापासून आभार मानले. घोटाळा तिथंच झाला.

"तुमच्याही लक्षात आलं तर," तो प्रज्ञाला म्हणाला. "मी वर्षभर तिला हेच सांगतोय. माझ्या गावाजवळ वृद्धाश्रम आहे. मे महिन्यात तिथं एक खोली रिकामी होते आहे. पण ती ऐकत नाही. म्हणते, माझा जिना मी झाडते, मला काय झालंय?"

म्हणजे बाईंचं सगळं म्हणणं त्या जिन्यावर उभं होतं, आणि तो आम्ही पुसून टाकला होता.

दुपारी आक्का जेवल्या नाहीत. "घर सुटंल की म्हातारीचं," एवढंच दोनदा म्हणाल्या. "माझ्या हातानं सुटंल."

१७ एप्रिल, रविवार

मी वही उघडली. कलम एक, पाटी परत करणे. कालच केली होती. बाईंनी ती घेतली आणि दार लावलं. कलम दोन, माफी मागणे. प्रज्ञाने मागितली. बाई म्हणाल्या, ठीक आहे. ठीक नव्हतं. कलम तीनपुढे जागा कोरी.

तेव्हा मला माझ्या वडिलांची कचेरी आठवली. लातूर उस्मानाबादपासून वेगळं होऊन नवा जिल्हा झाला, तेव्हा मी शाळा संपवत होते. वडील नव्या कचेरीत कारकून. कोणता कागद कुठल्या टेबलावर जायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, साहेबांनाही नाही. उस्मानाबादेहून आलेला एक जमादार होता. पायांनी अधू, फाईल उचलवत नसे. पण तो खुर्चीवर बसून बोट दाखवायचा आणि पदवीधर मंडळी गठ्ठे वाहायची. त्याला घरी बसवावं असं कुणी तोंडातून काढलं नाही, कारण त्याच्यावाचून कचेरी चालत नव्हती.

संध्याकाळी आम्ही तिघी समोर गेलो. रविवार असल्यामुळे दार एका बोटाने वाजवलं. मी प्रज्ञाला म्हटलं, "सांग त्यांना, उद्यापासून पाटी आमच्याकडे. आम्हाला हे काम येत नाही. शिकवाल का?"

बाई म्हणाल्या, "जिना तर तुम्ही चांगला केला होता."

"खरं सांगा म्हण. काय चुकलं ते."

बाईंनी आक्कांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या वहीकडे पाहिलं. आणि मग फार दिवस अडवलेलं बोलायला मिळाल्यासारख्या सुरू झाल्या. कोपऱ्यातून कडेकडे झाडायचं असतं, आम्ही कडेकडून कोपऱ्यात झाडलं. फडकं दर तीन पायऱ्यांनी पिळायचं असतं. आणि मुख्य म्हणजे आम्ही पाणी फार वापरलं.

प्रज्ञाने हे शेवटचं सांगताना तोंड दाबून धरलं. लातूर आणि मुदखेडच्या दोन बायकांना, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात, पाण्याची उधळपट्टी केल्याबद्दल जर्मनीत बोलणी बसली होती.

"दादाला फोन लाव," आक्का म्हणाल्या. "त्याला ऐकव हे. त्याचा जलम सार्थकी लागंल."

१८ ते २२ एप्रिल

बाउमानबाईंनी जिन्याच्या वरच्या चौकात खुर्ची टाकली, हातात काठी घेतली. आक्का झाडायच्या, मी पुसायचे. प्रज्ञा कामावर, त्यामुळे दुभाषी कुणी नाही. बाई जर्मनमध्ये रागवायच्या, आक्का मुदखेडच्या मराठीत उत्तर द्यायच्या, आणि दोघींचं एकमेकींना सगळं कळायचं. 'नाइन' म्हणजे 'नाही', एवढं मीही शिकले.

"नाइन!"

"काय नाइन? झाडलं की आत्ता."

काठी पायरीच्या टोकावर टेकायची.

"हाव, हाव, दिसलं. केस हाय एक. पांढरा हाय, तुमचाच आसंल."

बाई काहीतरी लांबलचक बोलायच्या.

"ह्ये तर माझी सासूबी म्हनायची," आक्का मला सांगायच्या. "वैनी, लिवून घ्या. तिसऱ्या पायरीचा कोपरा."

मी लिहून घेत असे. गुरुवारी बाईंनी वही मागून पाहिली. मराठी वाचता येत नव्हतं, पण कलमांचे आकडे, समोरच्या चौकटी आणि चौकटीतल्या खुणा त्यांना समजल्या. त्यांनी वहीवर हात फिरवला आणि आत जाऊन आपलीही एक वही आणून दाखवली. तारखा, पाटी कुणाकडे, शेरा. मजल्यावर राहून गेलेल्या सगळ्या भाडेकरूंची झाडण्याची हजेरी. आमच्या आदल्या शनिवारासमोर एक चौकट कोरी होती. माझ्यासमोर त्यांनी पेन घेतलं, विचार केला आणि तिथं बारीक रेघ मारली. रजा मंजूर, अशा अर्थाची असावी.

२३ एप्रिल, शनिवार

डीटर दोन पिशव्या घेऊन जिना चढू लागला आणि मध्येच थांबला. वर आई खुर्चीत, काठी रोखून. खाली दोन भारतीय बायका फडकी घेऊन माना खाली घालून उभ्या. प्रज्ञा दुभाषी म्हणून मध्ये.

बाईंनी त्याच्याकडे न बघता काठी त्याच्या बुटांकडे वळवली. साठीच्या त्या माणसाने मुकाट खाली उतरून पाय पुसले, आणि जिना वाळेपर्यंत पिशव्या हातात धरून उभा राहिला.

"हे काय चाललंय?" त्याने प्रज्ञाला हळूच विचारलं.

"परीक्षा."

"आणि निकाल?"

उत्तर बाईंनीच दिलं. जिना पास. पण या इमारतीत सहा आठवड्यांनी प्रत्येक घरावर मोठी पाळी येते. त्यात तळघर आणि दारापुढचा रस्ता झाडायचा असतो. प्रज्ञाची पाळी मे महिन्यात, आणि तिच्या आई-आत्या आठ तारखेला परत जाणार.

"या मुलीला तळघरातलं काही येत नाही," बाई मुलाला म्हणाल्या. "मे महिन्यात मला खोल्या बघायला वेळ नाही. तिचं तळघर पास झालं की आपण बोलू."

डीटरने आमच्याकडे पाहिलं. प्रज्ञाने मान खाली घातली. मी वही उघडून, कचेरीत साहेबांपुढे धरते तसा चेहरा करून, गंभीरपणे 'तळघर' असं लिहिलं आणि पुढे चौकट काढली. आक्का काही न समजताही जोरात मान हलवत होत्या.

तो बराच वेळ त्या चौकटीकडे बघत होता. मग त्याला हसू फुटलं. पिशव्या आईच्या दाराशी ठेवत तो म्हणाला, "बरं. तळघर होईपर्यंत."

लातूर, परत आल्यावर

आठ मे रोजी निघालो. बाउमानबाई दारापर्यंत आल्या, आक्कांचा हात हातात घेऊन, त्यांना कळावं म्हणून निरोपालाही 'ग्र्यूस गॉट'च म्हणाल्या. आक्कांनी जयभीम घातला. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी मी गांधी चौकात लाल दिव्याला थांबले आणि मागच्या रिक्षावाल्याचं ऐकून घेतलं. भाजी अजून वाटीत पाणी घेऊनच धुते. आक्का मुदखेडला रविवारी दाणे कुटत नाहीत. सुनांना त्याचं कारण सांगत नाहीत.

प्रज्ञाचा फोन दर रविवारी येतो. ती हुशार मुलगी आहे, आयुष्यात कुठल्या परीक्षेत अडली नाही. मे महिन्यात तिने तळघर मन लावून झाडलं. बाउमानबाईंना पाइपामागे धूळ सापडली. पुढच्या पाळीला पाइपामागे बोट फिरवून काही मिळालं नाही, तेव्हा खिडकीच्या कोपऱ्यात कोळिष्टक निघालं. त्यानंतरच्या पाळीला कोळिष्टकही नव्हतं. बाईंनी काठी टेकत सगळं तळघर दोनदा फिरून पाहिलं आणि निकाल दिला, झाडलं उत्तम, पण उलट्या दिशेने. डीटर दर शनिवारी किराणा ठेवतो, तळघराचं विचारतो, नापास म्हटलं की "अरेरे" म्हणतो आणि गाडी काढतो.

महिन्या-दोन महिन्यांनी आक्कांचा फोन येतो.

"वैनी, झालं का तळघर?"

"नाही, आक्का. अजून राहिलंय."

"बरं हाय," आक्का म्हणतात आणि फोन ठेवतात.

वहीतली बाकी सगळी कलमं निकाली निघाली. एवढी एकच चौकट कोरी आहे. मी दर रविवारी वही उघडून ती बघते आणि पेन बाजूला ठेवते.